पहारा पोत्यावर हवा, पोटावर नको

गेल्या महिन्यात कामानिमित्त बडोद्यास जाणे झाले. सरकारी कागदावर त्या शहराचे नाव वडोदरा आहे. परंतु मराठी माणसाच्या तोंडी ते बडोदेच राहिले आहे, आणि त्यात कोणाचा उपमर्द नाही. तेथील एका गल्लीत ‘सस्ता अनाजनी दुकान’ अशी पाटी असलेल्या दुकानासमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. रांगेत एक वृद्धा होती. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेलेल्या. तिने यंत्रावर उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग एकेक बोट. दुकानदाराने ओले फडके दिले. तिने बोट पुसले, पुन्हा ठेवले. यंत्राने तिला ओळखले नाही. दुकानदार काही दुष्ट नव्हता. ‘माजी, गुरुवारे आवजो,’ एवढेच तो म्हणाला, आणि ती रिकामी पिशवी घडी करून निघून गेली.

त्याच वेळी दुकानाच्या दुसऱ्या दाराशी एका टेम्पोतून गोण्या उतरत होत्या. हमाल एकेक गोणी पाठीवर घेई, आत नेऊन थप्पीला लावी. दुकानात वजनकाटा होता, तो चालूही होता. पण त्या गोण्यांपैकी एकही त्याच्यावर चढली नाही. शिवण उसवलेली आहे का, हे कोणी पाहिले नाही. कागदावर आकडा लिहिलेला होता, त्याखाली सही झाली आणि टेम्पो निघून गेला. म्हातारीच्या दहाही बोटांची झडती झाली. गोणीची एकदाही झाली नाही.

सरकारी धान्यातील चोरी आणि नासाडी यांविषयी या देशात जे जे बोलले जाते, त्याचे मर्म आम्हांला त्या पाऊण तासात दिसले. चोरी आहे, हे कोण नाकारतो? आमचा वाद चोरी आहे की नाही याबद्दल नाही. पहारा कोठे बसवावा याबद्दल आहे. कोठारापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर बसवावा, की भुकेल्याच्या तोंडाशी बसवावा? आजवरच्या बहुतेक सरकारांनी दुसरा मार्ग पत्करला, कारण तो सोपा आहे. ठेकेदाराला अडवायला धैर्य लागते. म्हातारीला अडवायला यंत्र पुरते.

बडोद्याची गोष्ट निघालीच आहे, तर त्या शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलेला काळ आठवणे उचित होईल. संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ या नावाने ओळखला जातो. पाऊस पडला नाही, गुरे मेली, आणि पाठोपाठ पटकीने माणसे नेली. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला होता, त्याला तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती. सयाजीराव महाराजांनी त्या दुष्काळात आपल्या मुलखाचा दौरा केला आणि त्या दौऱ्याची टिपणे १९०१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने छापली. राजाने दुष्काळी भागात फिरावे, एवढ्याचे पोवाडे गाता येतील. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती टिपणे छापण्याची गोष्ट. स्वतःच्या राज्याची दुर्दशा राजा स्वतःच्या नावावर छापून जगापुढे ठेवतो, तेव्हा खालच्या कारकुनाला खोटा आकडा लिहिताना हात आखडावा लागतो.

परंतु भक्तिभावाने डोळे मिटून घेण्याची आमची रीत नाही. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५२ हजारांवर आली. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस दहा वर्षांत कमी झाला. त्यांतले सगळेच भुकेने गेले असे नव्हे. रोग होता, देशांतर होते. तरीही हा आकडा पाहून मान खाली जाते. इतका डोळस राजा असताना हे झाले! राजाच्या एकट्याच्या डोळ्यांनी राज्यातले प्रत्येक कोठार पाहिले जात नाही, हा त्याचा अर्थ. डोळे पुष्कळ हवेत, आणि ते गावोगाव हवेत.

त्याच्याही आधीची, १८७६-७७ च्या दुष्काळातली एक कथा आहे. काटकसरीचे वेड माणसाला कोठवर नेते, हे तिच्यावरून समजते. सर रिचर्ड टेंपल या गोऱ्या अधिकाऱ्याने १८७३-७४ च्या बिहार-बंगालच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून वाटला. माणसे फारशी मेली नाहीत. वास्तविक हा पराक्रमच म्हणायचा. परंतु विलायतेत बोंब झाली ती उधळपट्टीची! इतका पैसा खर्च केलाच कसा? साहेबांनी हा धडा नीट गिरवला. तीनच वर्षांनी दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा हेच टेंपलसाहेब काटकसरीचे अवतार बनून आले. खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा, एवढ्यात भागले पाहिजे असा त्यांचा हिशेब. मद्रासेतील आरोग्य खात्याच्या प्रमुखाने, कॉर्निशने, हरकत घेतली. ती मानली गेली नाही. मुंबई इलाख्यात मजुरांनी सरकारी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू कागदोपत्री सरकारपुढे मांडली. ज्या अधिकाऱ्याने माणसे वाचवली तो उधळ्या ठरला, आणि त्यानेच ती उपाशी ठेवली तेव्हा तो दक्ष ठरला. खजिन्याचा एकेक दाणा वाचवण्याच्या या दक्षतेतून शेवटी १८८० चा दुष्काळ आयोग आणि पुढे दुष्काळी कायद्याची पुस्तके निघाली, कारण इंग्रज सरकारलाही मेलेल्यांचा आकडा झाकता येईना.

आता आजच्या काळात येऊ. संसदेने २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिना ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, असा त्याचा सांगाडा आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. कायदा झाला तरी बडोदे ज्या राज्यात आहे त्या गुजरातने तो लागू केला १ एप्रिल २०१६ रोजी, ‘मा अन्नपूर्णा’ या नावाने. त्याआधी दोनच महिने सर्वोच्च न्यायालयाने गुजरात भारताचा भाग नाही काय, असे भर न्यायासनावरून विचारले होते. देशातल्या सधन म्हणवणाऱ्या राज्याला गरिबाच्या पाच किलोंची आठवण न्यायमूर्तींनी करून द्यावी लागली, हे लिहितानाही संकोच वाटतो.

आणि गळतीचे काय? नियोजन आयोगाच्याच मूल्यमापन विभागाने २००५ मध्ये सांगितले की सवलतीच्या धान्यापैकी ५७-५८ टक्के धान्य ज्यांच्यासाठी काढले त्या गरिबांपर्यंत पोचत नाही. सुमारे ३६ टक्के तर वाटेतच खुल्या बाजारात वळवले जाते. पुढे ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अभ्यासकांनी नमुना पाहणीच्या आकड्यांवरून हिशेब मांडला, त्यात देशभराची गळती २००४-०५ मध्ये ५४ टक्के होती, ती २०११-१२ मध्ये ४२ टक्क्यांवर आली. घटली हे खरे. पण शंभर पोत्यांतली बेचाळीस पोती वाटेत नाहीशी होणे याला कोणी व्यवस्था म्हणणार असेल तर म्हणो.

ही पोती जातात कोठे? रांगेतली बाई चोरून चोरून किती चोरील? फार तर मेलेल्या सासूच्या नावाचे पाच किलो. पोती ट्रकने जातात. अन्न महामंडळाच्या गोदामातून ती निघतात, राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळाच्या गोदामात येतात, तेथून ठेकेदाराच्या वाहनातून दुकानात. या प्रत्येक टप्प्यावर एक काटा आहे, एक कारकून आहे आणि एक सही आहे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या आजोबा-पणजोबांनी उगीच घडवला नाही.

एक साधे गणित वाचकांपुढे ठेवतो. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे. पाचशे शिधापत्रिकांचे एक दुकान धरा, आणि पत्रिकेमागे सरासरी २० किलो धान्य. महिन्याला १०० क्विंटल, म्हणजे ५० किलोंच्या २०० गोण्या झाल्या. तागाच्या रिकाम्या गोणीचे वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक, सुमारे ५८० ग्रॅम भरते. गोदामातून माल बारदानासकट तोलून दिला आणि दुकानदाराला मात्र निव्वळ धान्य वाटायला सांगितले, तर महिन्याला ११६ किलो धान्य त्याच्या पदरात जन्मतःच कमी पडते. शिवाय गोदामात सुकून आलेली घट वेगळी आणि उंदराचा वाटा वेगळा. ही तूट तो कोठून भरून काढणार? उत्तर प्रत्येक ग्राहकाला ठाऊक आहे: पिशवीमागे पाव किलो, अर्धा किलो. चोरीची पहिली दीक्षा त्याला सरकारी गोदामाच्या दारात मिळते.

आता त्याच दुकानदाराची कमाई पाहा. केंद्राने २०२२ मध्ये ठरवलेल्या मापदंडाप्रमाणे सर्वसाधारण राज्यांत दुकानदाराला क्विंटलमागे ९० रुपये, आणि यंत्रावरून विक्री केल्यास आणखी २१ रुपये मिळावयाचे. शंभर क्विंटलांचे झाले ११,१०० रुपये. त्यातून दुकानाचे भाडे, विजेचे बिल, मदतनीस मुलाचा पगार आणि हमाली. राहिलेल्या पैशांत तो प्रामाणिक राहील अशी सरकारची अपेक्षा आहे. गुजरातेतील दुकानदारांनी किमान वीस हजारांच्या कमिशनसाठी २०२३ मध्ये संपाचे हत्यार उपसले, तेव्हा शहरी बाबूंनी नाके मुरडली. आम्ही दुकानदारांचे वकील नव्हे. त्यांच्यातले बदमाश आम्ही याच स्तंभांतून उघडे पाडले आहेत आणि पुढेही पाडू. परंतु उपाशी ठेवून राखणीला बसवलेले कुत्रे हांडीत तोंड घालते, यात नवल कसले?

या रोगावर सरकारने औषध काढले ते अंगठ्याचे. गुजरातने आधी बारकोडच्या शिधापत्रिका आणि कुपने आणली, मग बोटांच्या ठशांची यंत्रे आणली. बोगस ग्राहक नाहीसा होईल असा डंका वाजला. आणि झाले काय? २०१८ च्या आरंभी त्याच राज्यात, बडोद्याहून दक्षिणेला दोन-अडीच तासांच्या वाटेवर असलेल्या सुरतेत, पोलिसांनी रेशन दुकानदारांना पकडले. ग्राहकांच्या ठशांची चोरलेली माहिती आणि एक बेकायदा संगणक-प्रणाली वापरून न आलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचलल्याचा त्यांच्यावर आरोप होता. ज्याला चोरी करायची होती त्याने यंत्रालाच फितवले. ज्या म्हातारीला फितवता येत नव्हते ती मात्र गुरुवारी पुन्हा येणार होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

यंत्राची खरी उणीव याहून खोल आहे. यंत्र फक्त एवढेच सांगते की अमुक माणूस दुकानात आला होता. त्याच्या पिशवीत पंचवीस किलो पडले की तेवीस, हे ते सांगत नाही. उलट पंचवीस पडल्याची पक्की पावती मात्र फाडते. पूर्वी दुकानदार खोटे लिहीत असे, तेव्हा त्यावर तक्रार करता येत होती. आता ग्राहकाने स्वतःच्या अंगठ्याने त्या खोट्याला साक्ष दिलेली असते. जून २०२१ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केले आणि वजनकाटा यंत्राला जोडण्यास उत्तेजन देण्याची तरतूद केली: काट्यावर जेवढे भरेल तेवढेच यंत्रात नोंदले जावे. चांगली गोष्ट. पण अंगठ्याची सक्ती आधी आणि काट्याची जोडणी मागाहून, हा क्रम कोणाच्या सोयीचा होता, हे वाचकांनीच ओळखावे.

यंत्रे फोडून टाका, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेमुळे, जी जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली, खानदेशातून ऊसतोडीसाठी आणि बांधकामासाठी गुजरातेत उतरणाऱ्या मजुराला महाराष्ट्राच्या पत्रिकेवर तेथे धान्य उचलता येते. छोटा उदेपूरचा राठवा मजूर बडोद्याच्या इमारतींवर राबतो, त्यालाही आपला शिधा शहरात मिळू शकतो. राज्यांच्या सीमा नकाशावर आखणाऱ्यांनी मजुराच्या पोटाचा विचार केलेला नसतो. हे यंत्र तो विचार निदान काही प्रमाणात करते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. तेव्हा यंत्र असावे. त्याचे तोंड मात्र गोदामाकडे फिरवावे.

कारण तोंड माणसाकडे ठेवून जे होते ते झारखंडात झाले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी न जोडल्यामुळे त्या घराची शिधापत्रिका आधीच रद्द झालेली होती. ती भुकेने गेली असे घरच्यांनी सांगितले, तापाने गेली असे सरकारने सांगितले. ताप म्हणा, भूक म्हणा. पत्रिका रद्द झाली होती, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पुढे मुरलीधरन आदी अर्थशास्त्रज्ञांनी त्याच राज्यातील काही जिल्ह्यांत रद्द केलेल्या पत्रिकांचा माग काढला, तेव्हा ‘बोगस’ म्हणून कापलेल्या पत्रिकांपैकी जवळजवळ ८८ टक्के खऱ्याखुऱ्या, हयात असलेल्या कुटुंबांच्या निघाल्या. केंद्र सरकारने २०२० मध्ये अभिमानाने जाहीर केले होते की २०१३ पासून ४ कोटी ३९ लाख बोगस पत्रिका रद्द झाल्या. त्यांतल्या किती खरोखर बोगस होत्या? सगळ्या देशाला झारखंडचे माप लावणे योग्य नव्हे, हे आम्ही जाणतो. पण तपासून पाहिल्यावाचून आकड्याच्या नगाऱ्यावर टिपऱ्या मारणेही योग्य नव्हे. त्यातच लाभार्थींचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. त्यानंतर जन्मलेली मुले आता शाळेत जातात आणि कोट्यात मात्र त्यांची गणना नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. अंगठा जुळला नाही किंवा आधार नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, पर्यायी ओळख पाहून, वहीत नोंद करून द्यावे, असे केंद्राच्याच अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना लेखी कळवले आहे. म्हणजे बडोद्यातली ती वृद्धा त्याच दिवशी धान्य घेऊन घरी जाण्यास पात्र होती! दुकानदाराला ते ठाऊक नव्हते, किंवा असूनही त्याने धोका पत्करला नाही. वहीतल्या नोंदी जास्त झाल्या तर उद्या पुरवठा निरीक्षक त्यालाच जाब विचारील. गरिबाच्या सोयीचा नियम फायलीत राहतो आणि त्याच्या गैरसोयीचा नियम भिंतीवर लागतो.

मग पहारा पोत्यावर बसवता येतो काय? छत्तीसगडने तो बसवून दाखवला आहे. २००४ मध्ये त्या राज्याने आदेश काढून रेशन दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढली आणि ग्रामपंचायती, महिला बचत गट व सहकारी संस्था यांच्या हाती दिली. दुकानदाराचे कमिशन क्विंटलमागे ८ रुपयांवरून ३० रुपयांवर नेले. धान्य दुकानाच्या दारात पोचवण्याची जबाबदारी सरकारने घेतली. ट्रक पिवळ्या रंगाने रंगवले, म्हणजे रेशनचा ट्रक भलत्याच रस्त्याला दिसला तर गावच्या पोरालाही कळावे. ट्रक निघाला की मोबाइलवर संदेश जाऊ लागला. पत्रिकाधारकांची संख्या कापण्याऐवजी वाढवली, कारण गावातली बहुसंख्य माणसे दुकानावर अवलंबून असली की दुकान बंद ठेवण्याची दुकानदाराची छाती होत नाही. ज्या राज्यात २००४-०५ मध्ये निम्मे धान्य गळत होते, तेथे पाच वर्षांनंतरच्या पाहणीत गळती दहा टक्क्यांच्या आसपास उतरली. यात एकही अंगठा लागला नाही! पिवळा रंग लागला, आणि दुकानदाराला जगण्यापुरते पैसे लागले. तमिळनाडूने तर १९९७ साली सगळा देश गरीब आणि बिनगरीब अशी विभागणी करीत असतानाही दुकान सर्वांसाठी खुले ठेवले. तेथल्या दुकानाची बडदास्त पाहून आपल्याकडच्या कोणालाही हेवा वाटेल.

आता आपल्या अंगणाकडे पाहू, कारण शेजाऱ्याचे घर झाडणे सोपे असते. कर्नाटकात २०१३ पासून ‘अन्नभाग्य’ चालू आहे. जुलै २०२३ पासून वाढीव पाच किलोंच्या तांदळाऐवजी माणशी १७० रुपये खात्यात पडू लागले. २०२५ मध्ये पुन्हा पैशांऐवजी तांदूळ द्यावयाचे ठरले. हा तांदूळ भरलेले ट्रक सीमेवर पकडल्याच्या बातम्या आम्ही छापतो आणि वाचक चहाबरोबर त्या वाचतात. ट्रकात माल भरतो कोण? काही माल गोदामातूनच जातो. परंतु काही माल दारोदार हिंडणाऱ्या खरेदीदाराने गरिबाकडूनच किलोला दहा-पंधरा रुपये देऊन घेतलेला असतो, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याबद्दल गरिबालाच चोर म्हणण्याची सुखवस्तू घरांतली चाल आम्हांला मान्य नाही. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी होते, त्याच्या पदरात तांदळाचा ढीग टाकला तर तो त्याचे काय करील? तांदूळ विकील आणि ज्वारी आणील. छोटा उदेपूरच्या डोंगरात मक्याची भाकर खाणाऱ्याचेही तेच. अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याला जागा आहे. ज्वारी, बाजरी, मका द्यायला कोणी मनाई केलेली नाही. ते खरेदी करून साठवण्याचा खटाटोप नको म्हणून तांदूळ आणि गहू लोटले जातात, आणि मग त्यांच्या विक्रीला ‘गैरव्यवहार’ म्हणून पाच किलोवाल्याला पकडायचे. किलोला दहा रुपये देऊन टनांनी माल गोळा करणारा, तो पॉलिश करून नव्या पोत्यात भरणारा, त्याचे नाव मात्र बातमीत ‘अज्ञात’ असते. ज्याच्या गिरणीत तीनशे पोती उतरतात, तो गावाला अज्ञात कसा राहतो?

नासाडीची कथाही अशीच. २००१ मध्ये सरकारी गोदामे ओसंडून वाहत होती आणि राजस्थानात लोक उपाशी होते, म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. अन्नाच्या हक्काचा तो प्रसिद्ध खटला. २०१० मध्ये उघड्यावर धान्य सडत असल्याचे पाहून त्याच न्यायालयाला, सडवण्यापेक्षा गरिबांना फुकट वाटा, असे सांगावे लागले. उत्तर मिळाले की हा धोरणाचा प्रश्न आहे! धान्य सडले तर ते धोरण, आणि म्हातारीने मेलेल्या नवऱ्याच्या नावाचे पाच किलो घेतले तर तो गुन्हा.

उपाय कायद्यातच लिहून ठेवले आहेत. दुकानाच्या नोंदी सर्वांना पाहावयास खुल्या असाव्यात, ठरावीक काळाने सामाजिक अंकेक्षण व्हावे, प्रत्येक दुकानासाठी दक्षता समिती असावी, जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि त्याच्यावर राज्य अन्न आयोग असावा, हे सारे २०१३ च्या कायद्यात आहे. आपल्या गल्लीतल्या दुकानाच्या दक्षता समितीत कोण आहे, हे या वृत्तपत्राच्या किती वाचकांना सांगता येईल? आम्हांला स्वतःला गेल्या आठवड्यापर्यंत सांगता येत नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की समिती कागदावर आहे, आणि तिच्यातल्या एका सभासदाला आपण सभासद आहोत हे आमच्याकडूनच समजले.

१८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून काय केले ते आठवावे. दुष्काळी कायद्याचे पुस्तक सरकारच्या कपाटात होते. त्यात रयतेला काय काय हक्क दिले आहेत, हे त्यांनी मराठीत सांगितले. सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी गेली आणि लोकांना त्यांचे हक्क समजावू लागली. टिळकांनी कोणताही नवा कायदा मागितला नव्हता, होता तोच वाचून दाखवला होता. सरकार इतके बिथरले की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. शंभर वर्षांनी, १९९४ च्या अखेरीस, राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने हेच केले: हजेरीपटावरची नावे गावासमोर मोठ्याने वाचली, आणि मेलेली माणसे सरकारी कामावर राबताना सापडली.

पुढच्या महिन्यापासून या वृत्तपत्रात दर पंधरवड्याला सीमाभागातील एकेका रेशन दुकानाचा हिशेब छापण्याचा आमचा विचार आहे: किती गोण्या आल्या, बारदान वजा करून किती किलो भरल्या, किती वाटल्या, किती जणांचे अंगठे जुळले नाहीत आणि त्यांतल्या किती जणांना वहीत नोंद करून धान्य दिले. नोंदी मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. अर्जाचा नमुना कार्यालयात विनामूल्य मिळेल. ज्या दुकानदारांना गोदामातून माल कमी मिळतो, त्यांनीही यावे. त्यांची नावे आम्ही छापणार नाही, गोदामाचे नाव छापू. आणि गोणी उतरत असताना ती काट्यावर चढवा, असे रांगेतल्या कोणीतरी एकाने मोठ्याने म्हणावे. पहिल्या दिवशी दुकानदार रागावेल. दुसऱ्या महिन्यात गोदामाशी भांडायला त्याला एक कारण मिळालेले असेल.

बडोद्यातील त्या वृद्धेकडे गुरुवारी एका मित्राला मुद्दाम पाठवले होते. ऑक्टोबर २०१७ च्या पत्राची प्रत त्याच्या खिशात होती. दुकानदाराने ती दोनदा वाचली, कपाटातली वही काढली, तिच्यावरची धूळ झटकली. वहीत त्याआधीची एकही नोंद नव्हती.